सैल हाताचा गिअर

आमच्याकडे पोपटी लागली की माझा डावा हात जड होतो. हसू नका, खरंच होतो. जानेवारी सरता सरता वालाच्या शेंगा भरतात. दिवस कलला की कुणाच्या तरी बांधावर पोपटीचं मडकं उपडं पडतं. आत भांबुर्ड्याचा पाला, शेंगा, ओवा, जाडं मीठ. भोवती पेंढा पेटतो आणि तो कडवट धूर नारळाच्या वाड्यांतून थेट आमच्या ओटीवर येतो. बाकीच्यांना त्या वासानं भूक लागते. मला क्लच आठवतो. आठ वर्षं झाली, पण पहिला धूर आला की माझ्या तळव्याखाली दुसरा एक हात असल्यासारखं वाटतं. मोठा, खरखरीत आणि अगदी सैल.

तो हात बाबांचा. बाबा म्हणजे माझे वडील, अलिबागच्या एका कचेरीत आयुष्यभर ड्रायव्हर. साहेब बदलले, जीप बदलल्या, बाबा तेच राहिले. निवृत्त झाल्यावर दुसऱ्याच महिन्यात त्यांनी एक जुनी लाल गाडी आणून अंगणात उभी केली. आई म्हणाली, "जल्मभर गाडीच चालवलीत ना? हौस फिटली न्हाय अजून?" बाबा फडक्यानं काच पुसत म्हणाले, "ती साहेबाची होती. कुठं थांबायचं ते तो सांगायचा. हिच्यात मी सांगणार." आई तोंड वाकडं करून आत गेली, पण दुसऱ्या दिवशी त्या गाडीच्या सीटांना जुन्या साडीचे अभ्रे तिनंच शिवले.

मी तेव्हा छत्तीस वर्षांची. शाळेत मुलांना पाढे पाठ करून घेणारी, घरात सगळ्यांवर आवाज चढवणारी बाई. नवरा पनवेलला नोकरीला, आठवड्यानं यायचा, म्हणून मी आईबाबांजवळच राहायचे. बाबा म्हणाले, "सुजे, गाडी शीक. दारात गाडी आणि चालवणारा मी एकटा म्हातारा, हे काही बरोबर नाही." मी म्हटलं, या वयात? तर म्हणाले, "तुझं वय गाडीला कुठं ठाऊक आहे!" असे होते. त्यांच्याशी वाद घालायला मलासुद्धा जमायचं नाही.

शिकवायला त्यांनी पोपटीचे दिवसच धरले. म्हणायचे, थंडीत इंजिन खरं बोलतं. सकाळची शाळा सुटली की आम्ही निघायचो. चौलच्या सरळ रस्त्यावर सुरुवात, मग नागावचे अरुंद वळसे, आणि हात बसल्यावर कार्लेखिंडीचा चढ. त्यांची शिकवायची रीत जगावेगळी होती. डाव्या सीटवर बसून ते आपला उजवा पंजा गिअरच्या मुठीवर ठेवायचे आणि माझा डावा हात त्यांच्या हातावर ठेवायला लावायचे. मग डोळे मिटून घ्यायचे. पहिल्या दिवशी मी ओरडले, "बाबा, डोळे काय मिटताय? समोर म्हशी आहेत!" ते शांतपणे म्हणाले, "म्हशी तू बघ. मी इंजिन ऐकतोय."

आणि सैल. हा त्यांचा लाडका शब्द. "हात सैल, सुजे. किती आवळतेस? गिअर काय पळून जाणार आहे?" त्यांचा स्वतःचा हात गिअरवर असा पडलेला असायचा, जसा झोपलेल्या लेकराचा हात आईच्या अंगावर पडतो. त्यात जोर म्हणून नसायचा. तरीही गिअर पडायचा. मी क्लच दाबला की तो हात दुसऱ्यातून निघायचा, मध्ये जराशी उसंत घ्यायचा आणि तिसऱ्याच्या खाचेत जाऊन बसायचा. हलकासा ठोका लागायचा, तो माझ्या तळव्याला त्यांच्या हाताच्या पाठीतून कळायचा. खट् असा आवाज नाही, काही नाही. पाट मांडला आणि माणूस बसला, तसं.

मला वाटतं, गिअर टाकण्यातली सगळी गंमत त्या मधल्या उसंतीत आहे. गाडी दुसऱ्यातून सुटलेली असते आणि तिसऱ्यात गेलेली नसते. त्या क्षणी ती कुणाचीच नसते. नवशिकं माणूस तिथंच घाबरतं आणि दांडा ढकलतं, मग आतून करकर आवाज येतो आणि शेजारी बसलेल्या बाबांचा चेहरा पोटात दुखल्यासारखा होतो. "ढकलू नको. तिला विचार, ती सांगेल." गाडी विचारते आणि सांगते, हे मला आधी थोतांड वाटायचं. पण खिंडीच्या चढाला एकदा मी तिसऱ्यातच रेटत राहिले, तेव्हा इंजिन असं धापा टाकायला लागलं की माझाच जीव कासावीस झाला. बाबा डोळे न उघडता म्हणाले, "मागतेय बघ दुसरा. दे की तिला." दिला. जरा रेस देऊन, क्लच अलगद सोडून दिला, आणि ती लाल गाडी तक्रार न करता चढून गेली. त्या दिवशी मला कुणी शाळेची मुख्याध्यापिका केली असती तरी तेवढा आनंद झाला नसता.

डावा पाय खाली तेव्हा हात पुढे, हात बसला की पाय वर. लहानपणी आई आणि मावशी एकाच उखळात भात कांडायच्या. एकीचं मुसळ वर तेव्हा दुसरीचं खाली, आणि दोघी गप्पा मारतायत. कुणी मोजत नसे, कुणाचं मुसळ कुणाला लागत नसे. गाडी तशी चालायला लागली की आपण चालवतोय हेच विसरायला होतं.

हे सगळं आता आठवायचं कारण माझी मुलगी, तेजल. ती मुंबईत नोकरी करते आणि तिच्याकडे आपोआप गिअर बदलणारी गाडी आहे. चांगली आहे गाडी, मी नावं ठेवत नाही. ठेवते. त्या गाडीत बसलं की मला पाहुणी म्हणून आल्यासारखं वाटतं. सगळं हातात आणून देतात, पण स्वयंपाकघरात काही जाऊ देत नाहीत. तर ही तेजल शनिवारी मांडव्याच्या बोटीनं आली आणि जेवताना म्हणाली, "आई, सोमवारी लाल गाडी जाणार ना? मग मला उद्या शिकव. आजोबांनी तुला शिकवलं तसंच शिकव."

गाडीची मुदत संपली आहे. कागद आता पुन्हा होणार नाहीत, पत्राही खालून गेलाय. सोमवारी पेणचा माणूस ती तोडायला घेऊन जाणार आहे. मी ठरवलं होतं की त्या दिवशी शाळेत जाईन आणि मागे वळून बघणार नाही. आणि ही पोरगी म्हणते, तसंच शिकव. मी ताटावरून उठले. आई वालाचं बिरडं वाढत होती, तिनं माझ्याकडे बघितलं आणि पळी खाली ठेवली.

'तसंच' म्हणजे हात ठेवून. आणि मी त्या गाडीत कुणाच्या हातावर हात ठेवलेला नाही, कुणाला माझ्या हातावर ठेवू दिलेला नाही, त्याला आठ वर्षं झाली.

ती सकाळ याच दिवसांतली. आदल्या संध्याकाळी शेजारच्यांच्या बांधावर पोपटी झाली होती. बाबांनी शेंगा पोटभर खाल्ल्या होत्या. सकाळी म्हणाले, छातीत जड वाटतंय. आमच्या भागात त्या दिवसांत असं कुणी म्हणालं की सगळे एकच म्हणतात, वाल बाधला. आम्हीही तेच म्हटलं. वाल वातूळ, गॅस झाला असेल. आईनं ओव्याचं पाणी दिलं. मी पाठीला तेल चोळलं आणि वर चेष्टाही केली, "अजून खा दोन मुठी." हे वाक्य मी तोंडातून काढलं, हे मला विसरता येत नाही. तासाभरानं त्यांच्या कपाळावर घाम आला, थंडीत, आणि ओठांचा रंग बदलला. तेव्हा मी फोनकडे धावले.

रुग्णवाहिकेची वाट बघायला ते तयार नव्हते. मागे आडवं व्हायलाही तयार नव्हते. "मी कधी मागं बसलोय का?" म्हणत डाव्या सीटवर बसले. आई मागे बसली. मी किल्ली फिरवली आणि अंगणातच गाडी बंद पाडली. एकदा नाही, तीनदा. चार वर्षं रोज चालवत होते, पण क्लचवरचा पाय आधीच सुटत होता आणि मी दांडा आवळून ढकलत होते. करकर, करकर. मला रडू फुटलं. तेव्हा त्यांचा हात आला आणि माझ्या हाताखाली सरकला. "तू क्लच बघ," म्हणाले. "हात माझ्यावर ठेव. सैल."

आणि गाडी निघाली. चौल गेलं. नागावच्या वळणांना दुसरा, तिसरा, परत दुसरा. एका ठिकाणी लग्नाचा टेम्पो आडवा आला तेव्हा पहिला. मी रस्ता बघत होते, बाबा डोळे मिटून काचेला डोकं टेकून होते, नेहमीसारखे. आक्षीचा पूल दिसायला लागला तेव्हा एकदा पुटपुटले, "सैल… हां." त्यानंतर बोलले नाहीत. पण पुलानंतर गाडी अशी गेली, अशी गेली की काय सांगू. एक धक्का नाही. मी क्लच दाबायचा आणि माझ्या हाताखाली त्यांचा हात जायचा, उसंत घ्यायचा, बसायचा. त्यांनीच नेली गाडी, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आले. अलिबागला दवाखान्याच्या दारात मी इंजिन बंद केलं, आणि बाबांचा हात गिअरवरून आपला आपण खाली सरकला. पोचलो म्हणून त्यांनी हात सोडला, असं मला वाटलं. मी म्हटलं, "बाबा, आलो."

डॉक्टर म्हणाले, वाटेतच गेले.

वाटेत म्हणजे कुठे? वाट ती केवढीशी! चौल, नागाव, आक्षी, अलिबाग. त्या वाटेवरून मी आठ वर्षं रोज शाळेत जाते आणि रोज हाच प्रश्न त्या दांड्यावर हात ठेवून बसलेला असतो. माझ्या हाताखाली माझ्या बापाचा जीव गेला आणि मला कळलं नाही? मी मुलांच्या कपाळाला हात लावून ताप सांगते. त्यांचा हात गार पडत गेला असेल, तो मला कसा लागला नाही? पण कळणार कसं? जिवंतपणीच त्यांचा हात तसा होता. जन्मभर सैल ठेवायला शिकवलं आणि शेवटी त्याच सैलपणानं मला फसवलं. आणि मग त्याहून वाईट प्रश्न यायचा. ते आधीच गेले असतील, तर पुलानंतरचे गिअर कुणी टाकले? कारण तो हात जात होता. मी ढकलत नव्हते. देवाशपथ म्हणायची आमच्या घरात पद्धत नाही, पण खरं सांगते, मी ढकलत नव्हते. तो माझ्याबरोबर जात होता.

तेव्हापासून दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना मी एकटी नसते. भर दुपारी, टळटळीत उन्हात, माझ्या हाताखाली कुणीतरी असतं. भीती वाटते का? वाटते. आणि एखाद्या दिवशी ते जाणवलं नाही तर त्याहून जास्त वाटते. तेव्हा मी नागावच्या वळणावर मोठ्यानं म्हणते, "बाबा?" गाडीतल्या इतर बाया मला वेडी समजतात म्हणून हल्ली मी कुणाला लिफ्ट देत नाही.

आईला मात्र न्यावं लागतं, डोळ्यांच्या डॉक्टरकडे, बुद्धविहारात, बाजाराला. ती कधी पुढे बसत नाही. मागे मध्यावर बसते आणि पुढच्या दोन सीटांच्या मधून हात घालून डाव्या सीटची कड धरून ठेवते. रिकाम्या सीटची. मी किती वेळा खेकसले असेन, "आई, मागं टेकून बस, पडशील तोंडावर." ती म्हणते, "बरं," आणि हात तिथंच.

तर रविवारी सकाळी तेजल उजव्या सीटवर बसली, मी डावीकडे, आई मागे. गाडी चौलच्या रस्त्याला उभी. शेतात वालाचे वेल दवानं ओले, कुठल्याशा बांधावर कालच्या पोपटीची राख. गिअरच्या मुठीवरचे आकडे बाबांच्या तळव्यानं केव्हाच पुसले गेलेत. तेजल म्हणाली, "आई, यावर तिसरा कुठंय तेच दिसत नाही. हात ठेव ना तू."

मी हात उचलला आणि तो गेला नाही. मुठीच्या वर वीतभर अंतरावर थांबला. "नाही जमणार गं मला," मी म्हटलं. "मला माफ कर. ह्या मुठीवर हात असताना आजोबा गेले, आणि मला कळलं नाही. मी कुठं होते तेव्हा? पुलाच्या अलीकडे, पलीकडे, काहीच ठाऊक नाही." बोलता बोलता माझा आवाज फाटला. पोरीसमोर मी अशी कधी रडले नव्हते.

मागून आई म्हणाली, "पुलावर."

मी वळले. आई बाहेर वालाच्या शेताकडे बघत होती.

"पूल चढताना गेले ते. मान कलली, तोंड जरा उघडलं. मला दिसलं."

"आणि तू बोलली नाहीस?"

"काय बोलू? तू किती घाबरलेली व्हतीस. दारात तीनदा बंद पडली गाडी. हात पडला असता त्यांचा, तर तू तिथंच पुलावर थांबली असतीस. मग? मागून गाड्या, खाली खाडी, आन् माझी एकुलती लेक. मनात म्हटलं, डाक्टर काय तरी करतील अजून. न्हाय तर न्हाय. पण ही तरी पोचू दे."

"मग तो हात, आई? तो जात होता. मी ढकलला नाही."

"मी दंड धरला व्हता त्यांचा." तिनं सीटांच्या मधून हात पुढे केला, रोज करते तसाच. फक्त आज डाव्या सीटवर मी होते, म्हणून तिची बोटं सीटऐवजी माझ्या दंडाला लागली. "असा. मला काय गिअर कळतो? तुझा पाय खाली गेला की मी इथं सैल सोडायची. तुझा हात जिकडं जाईल तिकडं त्यांचा जाऊ द्यायची. पुढं, मागं. अलिबाग येईपरत."

तेजल रडत होती. मी रडत नव्हते, पुलापासूनचा एकेक गिअर मनात पुन्हा टाकून बघत होते. आठ वर्षं मी म्हणत आले की पुलानंतरची गाडी बाबांनी नेली. ती मी नेली होती. आणि सैल कसं धरायचं ते बाबांनी शिकवलेलं नसताना आईला आलं होतं, मेलेल्या नवऱ्याचा दंड हातात धरून, तोंडातून हुंदका न काढता, मागच्या सीटवरून.

"ओव्याचं पाणी मीच दिलं व्हतं," आई म्हणाली. "त्यात तास गेला, ही बोच तुला सांगायचं धाडस झालं न्हाय. ते सांगितलं असतं तर हे पण सांगावं लागलं असतं."

मी तिचा हात माझ्या दंडावर दाबून धरला. "चेष्टा मी केली होती, आई. दोन मुठी अजून खा म्हणाले होते."

"हसले व्हते ते त्याला," आई म्हणाली. "तू तेलाची वाटी ठेवायला गेलीस तेव्हा. म्हणाले, लेक माझ्यासारखीच फटकळ निघाली."

रस्त्यानं एक बाई वालाच्या शेंगांची पाटी घेऊन गेली, आमच्याकडे बघून थबकली आणि पुढे गेली. मग मी माझा उजवा हात गिअरच्या मुठीवर ठेवला. मूठ गार होती. तेजलनं तिचा डावा हात माझ्यावर ठेवला, लाकडासारखा ताठ.

"सैल," मी म्हटलं. "क्लच."

पहिला पडला. मग दुसरा. गाडी थरथरत चौलच्या रस्त्याला लागली, आणि मी डोळे मिटले. दुसऱ्यातून हात निघाला, मध्ये जराशी उसंत आली, आणि त्या उसंतीत मला एक गोष्ट आठवली, ती मी न वळताच विचारली.

"आई, दवाखान्याच्या दारात त्यांचा हात खाली सरकला. मला वाटलं, आलो म्हणून त्यांनी सोडला."

तिसरा बसला.

"तू इंजिन बंद केलंस ना," आई म्हणाली. "मग मी सोडला."